मोकळ्या जागेची साक्ष : आज्ञावलींची मांडणी आणि आपली पाठपरंपरा

जयपूर

साहित्याच्या अभ्यासकाला पानावरची मोकळी जागा सहसा दिसत नाही. शब्दांमधील अंतर, परिच्छेदाच्या आरंभी आत घेतलेली ओळ, दोन कडव्यांमधील रिकामी ओळ हे सारे मुद्रकाचे काम, अशी आपली समजूत असते. पाठाची चर्चा करताना आपण अक्षरांची चर्चा करतो. गेल्या पन्नास वर्षांत मात्र एका अगदी निराळ्या क्षेत्रात, संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांच्या जगात, याच मोकळ्या जागेवर ग्रंथ लिहिले गेले, प्रयोग झाले आणि कडवे वादही झाले. ओळ किती आत घ्यावी, महिरपी कंस कोठे उघडावा व कोठे मिटावा, एका ओळीत किती आज्ञा असाव्यात, यांवर तेथे रीतसर पक्ष पडलेले आहेत. बाहेरच्या माणसाला हा वाद क्षुल्लक वाटतो. तो क्षुल्लक नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. भारतीय भाषांच्या अभ्यासकांना तो परका वाटण्याचेही कारण नाही, कारण याच प्रश्नाशी आपली परंपरा फार पूर्वीपासून झगडत आली आहे.

१

राजस्थानात महाजनी लिपीविषयी एक कथा सर्वत्र सांगितली जाते. व्यापाऱ्यांच्या वह्यांतील ही लिपी लिहिताना स्वरचिन्हे बहुधा गाळली जात, आणि शब्दांमध्ये अंतर सोडण्याचीही सक्ती नसे. एका पेढीच्या मुनिमाने मालकाच्या घरी निरोप धाडला की मालक अजमेरला गेले आहेत, तरी मोठी बही, म्हणजे मोठी खातेवही, पाठवून द्यावी. घरी तो निरोप असा वाचला गेला की मालक आज मरण पावले, तरी मोठ्या बहूला पाठवून द्यावे. 'अजमेर' आणि 'आज मर' यांच्यात स्वर काढून टाकले व अंतर पुसले तर काहीच भेद उरत नाही. 'बही' आणि 'बहू' यांचीही तीच गत.

कथा प्रत्यक्षात घडली की नाही, याला महत्त्व नाही. तीत चूक कोणाची, हे पाहण्याजोगे आहे. मुनिमाने एकही अक्षर चुकीचे लिहिले नव्हते आणि वाचणाऱ्याने एकही अक्षर चुकीचे वाचले नव्हते. अक्षरे जशीच्या तशी राहिली. बदलली ती त्यांची गटवारी, आणि गटवारी कागदावर नव्हतीच. ती वाचणाऱ्याने आपल्या मनातून पुरवली. म्हणजे एकाच लेखनाचे दोन पाठ निर्माण झाले आणि कोणता पाठ अभिप्रेत आहे हे सांगणारी खूण कागदावर राहिली नाही.

मराठी वाचकाला या ठिकाणी 'ध चा मा' आठवेल. १७७३ साली नारायणराव पेशव्यांच्या वधाच्या संदर्भात, 'धरावे' या आज्ञेचे 'मारावे' झाले ही आख्यायिका आपल्याकडे वाक्प्रचाराला पोचली आहे. परंतु हे दोन प्रकार एक नव्हेत. 'ध चा मा' हा जाणूनबुजून केलेला अक्षरबदल आहे. तो करणारा हात कोठेतरी आहे आणि त्याला जाब विचारता येतो. अजमेरच्या कथेत हातच नाही. म्हणून पहिला प्रकार अधिक निंद्य असला तरी दुसरा अधिक अवघड आहे.

मोडी लिपीचीही स्थिती महाजनीहून फार दूरची नव्हती. मोडी लिहिणारा आधी कागदावर आडवी शिरोरेघ ओढून घेई आणि तिच्याखाली अक्षरे सलग लिहीत जाई. शब्द तोडण्याची प्रथा नव्हती, विरामचिन्हे नव्हती, ऱ्हस्वदीर्घाचा भेदही पाळला जात नसे. असे असूनही या लिपीत कित्येक पिढ्या राज्यकारभार चालला, याचे श्रेय मांडणीच्या दुसऱ्या संकेतांना द्यावे लागेल. पत्राचा मायना ठरलेला, मजकुराचा क्रम ठरलेला, कालोल्लेखाची जागा ठरलेली, आणि मजकूर संपला की तेथे मर्यादेची मुद्रा उमटवलेली. ही शेवटची मुद्रा शोभेची नव्हती. मजकूर येथे संपला, याच्यापुढे जे दिसेल ते मूळ लेखकाचे नव्हे, असे ती सांगत होती. दप्तरातील लेखन आणि हिशेब कसे मांडावेत याविषयी 'मेस्तक' या नावाची टिपणे कारकुनांत चालत आणि परंपरा त्यांचे कर्तृत्व हेमाद्रीकडे देते. आजच्या भाषेत बोलायचे तर ती मांडणीची नियमावली होती. लिपी जेवढी सैल, तेवढे दप्तराचे शिस्तीचे संकेत घट्ट, असे हे गणित होते.

२

आता संगणकाकडे वळू. आज्ञावली हा लेखनाचा एक विलक्षण प्रकार आहे, कारण तिला एकाच वेळी दोन वाचक असतात. एक वाचक यंत्र: त्याच्यासाठी आज्ञावलीचे भाषांतर करणारा कम्पायलर चिन्हे पाहतो आणि बहुतेक भाषांत मोकळ्या जागेकडे दुर्लक्ष करतो. दुसरा वाचक माणूस: जो ती लिहितो, तपासतो, आणि काही वर्षांनी दुरुस्त करायला बसतो. माणूस प्रथम मांडणी पाहतो आणि मग चिन्हे. कोणती आज्ञा कोणत्या अटीच्या पोटात येते, हे तो ओळ किती आत घेतली आहे यावरून एका दृष्टिक्षेपात ठरवतो. आपणही कविता वाचताना असेच करतो. ओळी मोजण्याआधी कडवे आपल्याला दिसते.

दोन वाचक एकाच पानातून दोन भिन्न गोष्टी वाचतात, आणि जोवर त्या दोहोंचा अर्थ एक आहे तोवर सारे ठीक चालते. ज्या क्षणी ते वेगळे होतात, त्या क्षणी अजमेरची कथा पुन्हा घडते. फरक इतकाच की या वेळी चुकीचा पाठ माणूस वाचतो आणि निरोपाची अंमलबजावणी यंत्र करते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण २०१४ सालचे आहे. ॲपल कंपनीच्या फोनमध्ये व संगणकांमध्ये, दूरच्या यंत्राशी गुप्त संभाषण सुरू करण्यापूर्वी ते यंत्र खरोखर ज्याचे म्हणवते त्याचेच आहे काय, हे पडताळणारा एक भाग होता. पडताळणीच्या अनेक पायऱ्या होत्या, आणि प्रत्येक पायरीनंतर अशी आज्ञा होती की ही पायरी फसली असेल तर 'फेल' नावाच्या खुणेकडे जावे. त्यांतील एका ठिकाणी ती आज्ञा दोनदा लिहिली गेली. मराठीत तिचे रूप असे होईल:

जर ही पायरी फसली, तर
        'फेल'कडे जा;
        'फेल'कडे जा;

दोन्ही ओळी सारख्याच आत घेतलेल्या होत्या. वाचणाऱ्या माणसाला त्या दोन्ही 'जर'च्या पोटात दिसल्या. फार तर एक ओळ अनावश्यक वाटली असती. परंतु त्या भाषेच्या व्याकरणानुसार, महिरपी कंस घातलेला नसेल तर 'जर'ची सत्ता केवळ पुढच्या एका आज्ञेपुरती चालते. दुसरी ओळ त्या सत्तेबाहेर होती. पायरी फसो वा न फसो, ती ओळ पाळली जाणारच होती. परिणामी पुढची पडताळणी, आणि तीत स्वाक्षरी खरी की खोटी हे पाहणारी शेवटची निर्णायक तपासणीही, सरळ ओलांडली जाई. शिवाय तोवरच्या पायऱ्या यशस्वी झालेल्या असल्याने 'सारे ठीक' असाच निकाल हाती येई. दार उघडे आणि वर कुलूप लावल्याची पावती, अशी ही अवस्था होती. २०१२ साली प्रसृत झालेल्या आवृत्तीपासून २०१४ च्या फेब्रुवारीपर्यंत ती टिकली.

या घटनेनंतर पुष्कळ चर्चा झाली आणि तीत असा एक पक्ष होता की दोष मांडणीचा नव्हता: पुरेशा चाचण्या घेतल्या असत्या, अथवा जी आज्ञा कधीच पाळली जाऊ शकत नाही तिच्याविषयी यंत्राने इशारा दिला असता, तर चूक उघडकीस आली असती. हा आक्षेप खोटा नाही. जादा ओळ मांडणीमुळे आली असे कोणी म्हणणार नाही. पण ती ओळ इतका काळ कोणाच्या डोळ्याला खुपली नाही, याचे कारण मात्र मांडणीतच होते. ओळ डाव्या समासापाशी उभी असती तर ती पाहताच वाचणारा थबकला असता. आत घेतलेल्या ओळीने तिच्या बाजूने खोटी साक्ष दिली. मांडणी चुका घडवीत नसेल, पण ती चुकांना आश्रय देते, आणि जो आश्रय देतो तोही जबाबदार असतो.

जुन्या भाषांत हे संकट याहून मोठे होते. १९५७ साली आलेल्या फोरट्रान भाषेत शब्दांमधील अंतराला कसलाच अर्थ नव्हता. यंत्र ते वाचण्यापूर्वी गाळून टाकी. मोडीप्रमाणेच शब्द कोठे तुटतो हे संदर्भावरून ठरे. त्यामुळे अमुक आज्ञा एकपासून दहापर्यंत पुन्हा पुन्हा कर, असे सांगणाऱ्या ओळीत स्वल्पविरामाच्या जागी चुकून टिंब पडले, तर त्याच अक्षरांचा मिळून एक नवाच शब्द तयार होई आणि त्या नावाच्या राशीला 'एक दशांश दहा' हे मूल्य दिले जाई. व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य निर्दोष, म्हणून यंत्र तक्रार करीत नसे. या चुकीमुळे मरिनर-१ हे शुक्राकडे निघालेले यान नष्ट झाले, अशी एक समजूत रूढ आहे. ती खरी नाही. २२ जुलै १९६२ रोजी ते यान उड्डाणानंतर पाच मिनिटांच्या आत नष्ट करावे लागले, त्यामागे मार्गदर्शक संकेतांतील बिघाड होता आणि आज्ञावलीतील एक उणीव होती. हस्तलिखित समीकरणात एका अक्षराच्या डोक्यावर असलेली आडवी रेघ आज्ञावलीत उतरलीच नव्हती. ती रेघ सरासरी काढलेले मूल्य सूचित करणारी होती. अनुस्वार सुटल्याने अर्थ फिरतो, हे शाळेत शिकलेल्या मराठी वाचकाला या कारणाचे नवल वाटू नये.

३

यावर उपाय काय काढले गेले, हे पाहणे उद्बोधक आहे. पहिला उपाय सदाचाराचा. १९७४ साली कर्निहन आणि प्लॉगर यांनी आज्ञावलीच्या शैलीवर एक छोटे पुस्तक लिहिले. इंग्रजी गद्यशैलीच्या प्रसिद्ध पुस्तिकेचा आदर्श त्यांनी उघडपणे पुढे ठेवला होता. १९८४ मध्ये डोनाल्ड क्नूथ यांनी तर आज्ञावली ही प्रथम माणसाने वाचायची कृती आहे आणि ती साहित्यासारखी रचली पाहिजे, असा विचार मांडला. पुढे प्रत्येक संस्थेने आपापली नियमावली केली. कोणी ओळ आठ जागा आत घ्यावी म्हणाले, कोणी चार, कोणी दोन.

दुसरा उपाय प्रयोगाचा. १९८३ साली बेन श्नायडरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच आज्ञावली वेगवेगळ्या अंतरांनी मांडून वाचकांची परीक्षा घेतली आणि दोन ते चार जागांचे अंतर आकलनाला सर्वांत उपकारक ठरते असे त्यांना आढळले. २०१९ मध्ये झालेल्या एका फेरप्रयोगात, ज्यात वाचकांच्या डोळ्यांच्या हालचालीही टिपल्या होत्या, अंतरांमुळे असा लक्षणीय फरक दिसला नाही. या दोन निष्कर्षांचा विरोध पाहून कोणी म्हणेल की मग सारा वादच पोकळ आहे. मला उलट वाटते. अंतर दोन असावे की चार हा प्रश्न गौणच आहे. खरा प्रश्न अंतराच्या मापाचा नसून त्याच्या सत्यतेचा आहे. आत घेतलेली ओळ जे सांगते ते खरे आहे काय? पक्षोपपक्षांच्या गलबल्यात हा प्रश्न बाजूला पडला.

तिसरा उपाय त्या प्रश्नाला थेट भिडणारा आहे. तो म्हणजे मांडणीलाच व्याकरणाचा दर्जा देणे. पीटर लँडिन यांनी १९६६ मध्ये हा विचार सुचवला आणि १९९१ साली प्रकट झालेल्या पायथन भाषेने तो जगभर पोचवला. पायथनमध्ये ओळ किती आत आहे हेच तिची सत्ता ठरवते. वेगळा कंस नाही. माणूस जे पाहतो तेच यंत्र वाचते, म्हणून दोन पाठ संभवत नाहीत. याचीही किंमत आहे. मोकळी जागा अर्थवाही झाली की ती सांडणे महाग पडते; मजकूर एका ठिकाणाहून दुसरीकडे नेताना समास ढासळला तर अर्थही ढासळतो. शिवाय दृष्टीला सारख्या दिसणाऱ्या दोन मोकळ्या जागा यंत्राच्या लेखी भिन्न असू शकतात. १९७६ मध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी तयार केलेल्या 'मेक' या साधनात ओळीच्या आरंभी टॅबचेच चिन्ह लागते, साध्या मोकळ्या जागा चालत नाहीत. ही गैरसोय त्यांच्या लवकरच ध्यानात आली. पण तोवर डझनभर लोक ते साधन वापरू लागले होते, आणि त्यांचे बस्तान मोडू नये म्हणून त्यांनी बदल केला नाही. त्या डझनभरांच्या सोयीसाठी नंतरच्या लक्षावधींनी ती ठेच खाल्ली. परंपरा कशा बनतात, याचे इतके नेमके उदाहरण इतिहासाच्या पुस्तकातही क्वचित मिळेल.

चौथा उपाय मध्यममार्गी आहे. २००९ मध्ये आलेल्या गो भाषेसोबत मांडणी आपोआप करून देणारे साधनच दिले गेले. लेखकाने कशीही लिहिली तरी आज्ञावली व्याकरणाबरहुकूम एकाच घडणीत बसवली जाते. जीसीसी या प्रसिद्ध कम्पायलरने २०१६ पासून, ओळीचे स्थान आणि व्याकरण यांत विसंगती आढळल्यास तसा इशारा देण्यास आरंभ केला. वरील 'फेल'ची जादा ओळ या दोहोंपैकी कोणत्याही एका उपायाने उघडी पडली असती.

४

आता आपल्या परंपरेकडे पाहावे. ऋग्वेदाची संहिता सलग उच्चारली जाते आणि संधीमुळे तीत शब्दांच्या कडा विरघळून जातात. त्या पुन्हा स्पष्ट करण्यासाठी शाकल्याने पदपाठ सिद्ध केला. पदपाठ हे जपणुकीचे साधन आहे असे आपण म्हणतो, पण तो त्याचबरोबर एक भाष्य आहे, कारण शब्द कोठे तोडायचा याचा निर्णय अर्थ ठरवल्यावाचून करता येत नाही. यास्काला हे पुरते ठाऊक होते. दहाव्या मंडलातील एका ऋचेत शाकल्याने 'वा' आणि 'यः' अशी दोन पदे पाडली. यास्क निरुक्तात 'वायः' हे एकच पद मानतो. त्याने दिलेले कारण मननीय आहे. 'यः' हे स्वतंत्र पद असते तर वाक्यातील क्रियापद उदात्त झाले असते, आणि अर्थही अपुरा राहिला असता, असे तो म्हणतो. म्हणजे पदच्छेद रुचीवर न सोडता त्याने तो स्वराच्या स्वतंत्र पुराव्यावर पारखून घेतला. दिसणारी मांडणी आणि व्याकरण यांच्यातील विसंगती शोधणारा इशारा आजचा कम्पायलर देतो. यास्काने तो निरुक्तात दिला होता.

पतंजलीने यापुढचे तत्त्व सांगितले. व्याकरणाने पदकारांच्या मागे जायचे नसते, पदकारांनीच व्याकरणाच्या मागे जायचे असते, असा महाभाष्याचा अभिप्राय आहे. मांडणी व्याकरणाची अनुचर असावी, स्वामिनी नव्हे, हे सूत्र आज्ञावलींच्या कोणत्याही नियमावलीच्या आरंभी घालण्यासारखे आहे.

खुणा हरवल्या म्हणजे काय होते, याचेही उदाहरण आपल्यापाशी आहे. अष्टाध्यायीत एका सूत्रातील पद पुढच्या अनेक सूत्रांवर सत्ता गाजवते. याला अधिकार म्हणतात. कोणत्या पदाला असा अधिकार आहे, हे स्वरित स्वराने दाखवले जाते, असे पाणिनीने पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात सांगून ठेवले आहे. आज्ञावलीत 'जर'ची सत्ता कोठवर चालते हे दाखवणारा कंस जे काम करतो, तेच हे काम. परंतु सूत्रपाठाच्या परंपरेत त्या स्वरितखुणा टिकल्या नाहीत. अक्षरे राहिली, खूण गेली. तेव्हापासून अमुक पदाची अनुवृत्ती कोठे थांबते हे वैयाकरणांना व्याख्यानाच्या आणि गुरुपरंपरेच्या आधाराने ठरवावे लागते, आणि त्यावर वाद होतात. अर्ध्या मात्रेच्या लाघवाचा पुत्रजन्माइतका आनंद मानणाऱ्या शास्त्रालाही एका हरपलेल्या खुणेची किंमत टीकाग्रंथांच्या रूपाने मोजावी लागली.

५

यावर एक आक्षेप साहित्याच्या बाजूने येईल. मांडणी इतकी जखडून टाकली तर लेखकाच्या हाताचे काय? कवितेत ओळ कोठे मोडावी हा कवीचा अधिकार आहे. तो यंत्राला किंवा नियमावलीला कसा देता येईल? आक्षेप रास्त आहे, पण तो येथे लागू पडत नाही. कवितेतील ओळमोड ही स्वतःच पाठ असते. तिला खोटे पाडणारा दुसरा वाचक नसतो. आज्ञावलीला असा दुसरा वाचक आहे. जेथे मांडणी हाच अर्थ आहे तेथे स्वातंत्र्य असावे, आणि जेथे मांडणी अर्थाविषयी केलेले विधान आहे तेथे ते विधान पडताळले जावे, असा विवेक करावा लागेल.

हा विवेक आपल्या संपादनशास्त्रात पुरेसा दिसत नाही, आणि लेखाचे खरे प्रयोजन येथे आहे. मराठी पोथ्यांत ओवी सलग लिहिलेली असते. दंड आणि क्रमांक एवढीच तिची विभागणी. छापील प्रतींत ती चार चरणांत मांडली जाते. ती मांडणी संपादकाची आहे. गद्यग्रंथांतील परिच्छेद, स्वल्पविराम, अवतरणचिन्हे ही तर मुद्रणयुगाची देणगी. मराठीत विरामचिन्हे रुळवण्यात मेजर कँडींचा वाटा सर्वांना ठाऊक आहे. तरीही जुन्या ग्रंथाच्या छापील प्रतीतला स्वल्पविराम आपण मूळ लेखकाचा समजून त्यावर अर्थ उभारतो. पाठभेदांची नोंद तळटीपेत काटेकोरपणे देणारे संपादकही पदच्छेदाचे पर्याय नोंदवीत नाहीत. अक्षर बदलले तर तो पाठभेद, आणि अंतर बदलले तर काहीच नाही, हा संकेत कोणी विचारपूर्वक ठरवल्याचे दिसत नाही.

आजवर ही ढिलाई खपून गेली, कारण मोडी वा महाजनी वाचणारा माणूस आपल्या अनुभवाच्या बळावर निर्णय करीत होता आणि शंका आली तर पुन्हा मूळ कागदाकडे जात होता. पुढे असे राहणार नाही. मोडी आणि महाजनी या दोन्ही लिपींना २०१४ साली, युनिकोडच्या एकाच आवृत्तीत, संगणकात स्थान मिळाले. पुण्यातील पेशवे दप्तर आणि बिकानेरच्या राज्य अभिलेखागारातील जयपूर संस्थानचे दप्तर यांसारख्या संग्रहांचे कागद पडद्यावर येऊ लागले आहेत, आणि मोडीचे यंत्रवाचन करण्याचे प्रयत्नही सुरू झाले आहेत. जेव्हा यंत्र सलग मोडी ओळीचे देवनागरीत रूपांतर करील, तेव्हा शब्द कोठे तोडायचे हे तेच ठरवील, आणि त्याचा निर्णय स्वच्छ छापील अक्षरांत पुढे येईल. स्वच्छ मांडणीला जो विश्वास आपोआप लाभतो, तोच विश्वास 'फेल'च्या त्या जादा ओळीला लाभला होता.

संगणकातील देवनागरीतही दोन वाचकांचा हा प्रश्न शिरलेला आहे. 'ॲ' हे अक्षर दोन प्रकारे नोंदवता येते: एकसंध चिन्ह म्हणून, किंवा 'अ' आणि त्यावरची चंद्रखूण अशा दोन चिन्हांनी. डोळ्याला भेद दिसत नाही, पण शोध घेणारे यंत्र त्यांना वेगळी मानू शकते. आणि एका रूपातले शब्द शोधणाऱ्याला दुसऱ्या रूपातले सापडत नाहीत. 'दऱ्या' या शब्दातील अर्ध्या 'र'चीही गोष्ट अशीच आहे. २०२१ मध्ये केंब्रिजच्या निकोलस बाऊचर आणि रॉस अँडरसन यांनी याहून गंभीर प्रकार दाखवून दिला. उर्दू, फारसीसारख्या उजवीकडून लिहिल्या जाणाऱ्या भाषांसाठी असलेली अदृश्य दिशाचिन्हे आज्ञावलीत पेरली, तर माणसाला एक क्रम दिसतो आणि यंत्र दुसराच क्रम वाचते. अजमेरच्या कथेला 'ध चा मा' करणारा हात मिळाला, असेच याचे वर्णन करावे लागेल.

तेव्हा सूचना अशा आहेत. कोणत्याही संपादित अथवा यंत्रवाचित पाठात, अंतरे, परिच्छेद आणि विरामचिन्हे कोणी घातली, हे स्पष्ट सांगितले जावे. सलग लिपीतील मजकूर देताना पदच्छेद न केलेला पाठ आणि पदच्छेद केलेला पाठ असे दोन्ही शेजारी असावेत. संहिता आणि पद अशी जोडी जपणाऱ्या परंपरेला हे जड जाऊ नये. जेथे पदच्छेदाने अर्थ फिरतो तेथे दोन्ही पर्याय पाठभेदाच्या दर्जाने नोंदवावेत. आणि भारतीय भाषांच्या विभागांत पाठसंपादन शिकवताना, आज्ञावलींच्या मांडणीचा हा पन्नास वर्षांचा वाद उदाहरणादाखल शिकवला जावा. त्या क्षेत्राने आपल्या चुका उघडपणे नोंदवल्या आहेत, त्यांची कारणे शोधली आहेत आणि काहींवर उपायही बसवले आहेत. आपल्याकडे यास्क आणि पतंजली आहेत, पण त्यांचा प्रश्न आपण वेदांपुरता मानून बाजूला ठेवला आहे. तो दप्तराच्या प्रत्येक सलग ओळीला विचारला पाहिजे, आणि यंत्राकडून आलेला स्वच्छ पाठ हाती येण्यापूर्वी विचारला पाहिजे.